घेवड्या, सांग त्यांना

आमच्या घरातली निम्मी बोलणी मांजरामार्फत होतात. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून म्हणतात, "घेवड्या, तुझ्या मालकिणीला सांग, गॅस संपत आलाय." मालकीण म्हणजे मी. मी तिथंच, त्यांच्यापासून दोन हातांवर मेथी निवडत बसलेली असते. घेवड्या फ्रीजवर झोपलेला असतो. मी मान वर करून त्यालाच सांगते, "आज्जीला म्हणावं, सकाळीच नंबर लावलाय." घेवड्या एक कान हलवतो. निरोप पोचला असं धरून दोन्ही पक्ष आपापल्या कामाला लागतात.

पुण्याहून माझी मैत्रीण राहायला आली होती. तिनं हे दिवसभर पाहिलं आणि रात्री अंथरूण घालताना हळूच विचारलं, "तुम्हा दोघींचं बोलणं बंद आहे का गं?" मला हसू आवरेना. भांडायचं असतं तेव्हा आमच्याकडे मध्यस्थ लागत नाही, आवाज थेट मागच्या गल्लीपर्यंत जातो. मांजर लागतं ते उरलेल्या गोष्टींना. काळजी, कौतुक, "चुकलं माझं", "दमलीस का", "आज बरी दिसतीयस". या गोष्टी तोंडावर बोलायची आमच्या घराला सवय नाही. बहुधा तुमच्याही नसेल.

साताऱ्यात शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं घर आहे. आषाढ लागला की किल्ला ढगात जातो तो दिवसच्या दिवस दिसत नाही, आणि घरभर दोऱ्या बांधून वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास यायला लागतो. अशाच दिवसांत मागच्या अंगणात, पाण्याच्या मोटारीवर झाकलेल्या पत्र्याआड एक मांजरी व्याली. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. हिनं आमचं घर पहिल्याच आठवड्यात सोडलं आणि जाताना एक पिल्लू मागं राहिलं. आम्ही वाट पाहिली. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, पिल्लू एकटं दिसलं म्हणून लगेच उचलू नका, आई एकेक करून नेत असते, परत येईल. संध्याकाळ झाली, पाऊस वाढला, रात्र झाली. आई आली नाही.

"घरात मांजर यायचं न्हाई," सासूबाईंनी जाहीर केलं. "केस पडत्यात. पोरीच्या छातीत कफ हुतो." मग त्या आत गेल्या, गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी भरून आणली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि खोक्यात ठेवली. "आजच्या रातीपुरतं. उद्या बगू."

ती रात्र अजून संपलेली नाही.

नाव सासऱ्यांनी ठेवलं. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो, माझी मुलंसुद्धा. पिल्लाचे डोळे नुकते उघडलेले, निळसर होते. आप्पांनी त्याला तळहातावर धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगावरचे तांबूस पट्टे निरखत म्हणाले, "ह्ये तर आपल्या वाघ्या घेवड्यागत दिसतंय." आप्पा मूळचे कोरेगाव तालुक्यातले. तिकडं पिकणाऱ्या राजम्याला, त्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून, वाघ्या घेवडा म्हणतात. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण आप्पांना त्याचं अप्रूप नाही. त्यांच्या मते हा घेवडा त्यांच्या आईच्या चुलीवर शिजायचा तेव्हाच त्याला मानांकन मिळालेलं होतं. तर वाघ्या हे नाव पडायला हवं होतं. पण "वाघ्या कसला, मुठीएवढं हाय" असं म्हणून त्यांनी उरलेला शब्द ठेवला.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या. नवऱ्याच्या लहानपणातलं घरातलं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "आप्पा झोपलेत." दिवसा ते झोपलेले आणि रात्री गाडीवर. जागे असत तेव्हाही फारसे बोलत नसत. प्रगतिपुस्तकावर सही करताना "बरं" म्हणत, बस. नवरा दहावीला पहिल्या वर्गात पास झाला, तेव्हा आप्पा मोती चौकातून पावशेर कंदी पेढे घेऊन आले, पुडा ओट्यावर ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "देवापुढं ठिव." मुलगा दारात उभा होता. त्याला काही म्हणाले नाहीत. पेढे देवापुढं गेले, देवाकडून मुलाकडं आले. म्हणजे मध्यस्थ तेव्हाही होता, फक्त त्याला शेपूट नव्हतं.

आणि हेच आप्पा आता रोज संध्याकाळी पडवीत आरामखुर्चीत बसतात, घेवड्या उडी मारून पोटावर चढतो आणि ते म्हणतात, "आलास व्हय बाळा? कुठं उंडारून आलास? जेवलास का?" आवाज इतका मऊ, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरात पाहुणे आलेत की काय म्हणून मी बाहेर येऊन पाहिलं. त्या दिवशी नवरा आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होता. त्यानं हात थांबवले. रात्री मला म्हणाला, "मला कधी बाळा म्हणाल्याचं आठवत नाही." तक्रार नव्हती त्यात. आपल्याच घरात एक खोली होती आणि तिचं दार आज पहिल्यांदा उघडं दिसलं, अशा सुरात म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र संध्याकाळचं काम तो पडवीच्या खिडकीपाशी बसून करायला लागला. तिथं नेट बरं मिळतं, असं त्याचं म्हणणं आहे.

आप्पांच्या वडिलांकडे खिलार बैलांची जोडी होती. बेंदराच्या गोष्टी आप्पा सांगायला लागले की थोरला मोबाईल बाजूला ठेवून ऐकतो, हे मी पुराव्यानिशी सांगू शकते. आमच्या भागात बैलांचा सण श्रावणातला पोळा नव्हे, आषाढातला बेंदूर. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळी, शिंगांना रंग, गोंडे, झुली, पुरणपोळीचा घास आणि गावातून मिरवणूक. मिरवणुकीचं वर्णन आप्पा रंगवून करतात, पण मला आवडते ती खांदमळणी. आप्पा सांगतात, "आमचा म्हातारा येरवी गप. पण खांदा मळताना बैलासंगं बोलायचा. म्हणायचा, यंदा लई दमवलं रं तुला. पाऊस न्हवता, करणार काय. रागावू नगंस." आप्पा तेव्हा लहान होते, कंदील धरून उभे असायचे. त्यांची आई गोठ्याच्या दारात येऊन थांबायची आणि पदर डोळ्यांना लावायची. "आम्हांस्नी वाटायचं, बैलासाठी रडतीया," आप्पा म्हणतात आणि तिथं थांबतात. थोरल्यानं विचारलं, "मग कुणासाठी?" आप्पांनी घेवड्याची मान खाजवली. म्हणाले, "इचार ह्याला."

आमच्याकडे आता ना गोठा ना बैल. बेंदराला कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणतो, चौरंगावर पूजा होते. एका वर्षी घेवड्यानं त्यातला डावा बैल पंजानं ढकलत ढकलत चौरंगाच्या कडेला नेला आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली टाकला. शिंग मोडलं. धाकटीनं त्याला हळद-लोणी लावून जुन्या रिबिनीचं बँडेज बांधलं आणि तो बैल पुढचे कित्येक दिवस "ॲडमिट" होता.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण या घरातलं सगळ्यात मोठं धर्मसंकट त्यांच्यावर आलं. त्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. घेवड्या थोडा मोठा झाला तसा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य मांसामासळीतूनच मिळतं, ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. दूध-पोळी आणि वरण-भातावर ते जगवू नका. मोठ्या मांजरांना दूधही धड पचत नाही. सासूबाईंनी हे सगळं माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं. मग दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी बाजारातून आल्या, तेव्हा भाजीच्या पिशवीत तळाला, एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, सुकट होती.

पत्रकार असते तर मी त्या दृश्याचा फोटो पहिल्या पानावर छापला असता. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली तीन विटांची चूल. त्यावर एक पोचे आलेलं पातेलं, जे घरात येत नाही, पेरूच्या फांदीलाच टांगलेलं असतं. पदरानं नाक घट्ट दाबून, तोंड दुसरीकडं फिरवून, लांब दांड्याच्या पळीनं सासूबाई सुकट ढवळतायत आणि पुटपुटतायत, "पांडुरंगा, लेकराचं प्वाट हाय. तूच दिलंस, तूच बग." मी म्हटलं, आई, मी करते ना. तर म्हणाल्या, "तुला न्हाई जमायचं, तू मीठ घालशील." मांजराच्या खाण्यात मीठ नको, हे डॉक्टरांनी एकदाच सांगितलेलं त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं. त्यांचं बीपी वाढलं तेव्हा त्यांनाही मीठ कमी करायला सांगितलं होतं, ते मात्र त्यांच्या अजून ध्यानात राहत नाही.

एकादशीला त्यांनी घेवड्यापुढं वरीचा भात ठेवून पाहिला. त्यानं त्यावर माती ओढल्यासारखं केलं आणि निघून गेला. तेव्हापासून त्याला उपवासातून सूट आहे.

दरवर्षी माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, तेव्हा सासूबाई बहिणीबरोबर लोणंदला जातात. पुढं तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबापाशी, पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, ते पाहून परततात. तिथून त्यांचा फोन येतो. फोन धाकटी घेते, कारण मोठ्यांपैकी कुणी घेतला तर काय बोलायचं हा दोन्हीकडं प्रश्न असतो. आज्जी विचारते, "घेवड्या जेवला का?" धाकटी "हो" म्हणते. "औषध घेतलं का त्यानं?" आता घेवड्याला कसलंही औषध नाही. औषध आप्पांना आहे, सकाळ-संध्याकाळ, साखरेचं. खुर्चीतून आप्पा म्हणतात, "तिला सांग, मांजराचं ब्येस चाललंय. काळजी करू नगं म्हणावं. पायाला जप म्हणावं." आणि धाकटी, जिला या सगळ्या आडवाटा कळत नाहीत, फोनमध्ये ओरडते, "आज्जी, आप्पांना तुझी आठवण येतीये!" आप्पा खुर्चीतून उठून बाहेर फाटकापर्यंत जाऊन येतात. फोनवर पलीकडं बराच वेळ टाळ-मृदंगाचाच आवाज येत राहतो.

धाकटी पहिलीत आहे. तिला जे वाटतं ते ती म्हणते. दात घासताना, तोंडात फेस असताना, आरशातून माझ्याकडं बघून "तू मला फार आवडतेस" म्हणते आणि थुंकते. मला त्या क्षणी काय करावं ते कळत नाही. मी म्हणते, "नीट चूळ भर." घेवड्याशी तिचं बोलणं तर निरोपांचं नसतंच. ती त्याला पुस्तक वाचून दाखवते, चित्राचं पान त्याच्याकडं वळवून धरते, बाईंसारखी. तो जांभई देतो, ती म्हणते, "कंटाळलास का? थांब, पुढं हत्ती येणारे." हत्ती आला की दोघंही थोडा वेळ त्याच्याकडं बघतात.

थोरल्याचं वेगळं आहे. तो अकराचा आहे, आणि गेल्या वर्षभरात त्यानं पक्ष बदलला. आधी शाळेतून आला की दप्तर काढायच्या आत सगळं सांगायचा, कुणी कुणाला ढकललं, डब्यात कुणी काय आणलं. हळूहळू ते "काही नाही", "ठीक होतं", "हं" वर आलं. मी धास्तावले होते. मोबाईलला दोष देऊन झाला, शाळेला देऊन झाला. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि तो बाहेर जिन्याच्या पायरीवर घेवड्याला मांडीवर घेऊन बसला होता. पाऊस नुकता थांबला होता. त्याचा आवाज आला, "घेवड्या, आज मला टीममधून काढलं. सर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पण पुढच्या वेळी पण नाही घेणार. मला माहितीये." माझे हात थांबले. पहिली ऊर्मी धावत जाऊन त्याला जवळ घ्यायची. मी गेले नाही. कणकेवर पाण्याचा हबका मारला आणि मळत राहिले, जरा आवाज करत, म्हणजे आत कुणी कान देऊन उभं आहे असं वाटू नये. तो बोलत राहिला. कुणी काय म्हटलं, त्याला काय वाटलं, जवळचा मित्र कसा त्या वेळी दुसरीकडं बघत होता. सगळं, अगदी आधीसारखं सगळं.

रात्री जेवताना मी काही विचारलं नाही. भाकरी वाढताना घेवड्याला म्हटलं, "दादाला म्हणावं, मी शाळेत असताना मला कबड्डीत राखीवमध्येसुद्धा घेतलं नव्हतं." थोरल्यानं ताटातून वर पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाला, "घेवड्या, आईला विचार, मग तिनं काय केलं?" मी सांगितलं काय केलं ते. नवऱ्यानंही त्याचं एक सांगितलं, जे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. आप्पांनी एसटीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्याचं सांगितलं, जे नवऱ्याला माहीत नव्हतं. सगळी गोष्ट पोटाखाली पंजे घेऊन बसलेल्या एका प्राण्याला उद्देशून. भात निवून गेला त्या दिवशी.

हल्ली आनंदी कुटुंबाबद्दल सल्ले देणारे व्हिडिओ पुष्कळ येतात. मुलांशी रोज समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून बोला, असं त्यात सांगतात. सांगणारे भले असतील. पण अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून "मला सांग ना" म्हटलं की तो खिडकीबाहेर बघायला लागतो, हे त्यांना कुणीतरी सांगा. शेजारी शेजारी बसून दोघांनी तिसऱ्याकडं बघावं, तिथं बोलणं सुटतं. पूर्वी तो तिसरा म्हणजे गोठ्यातला बैल होता, शेकोटी होती, जात्यावरचा विठ्ठल होता. दळताना ओव्यांतून बायका जे देवाला सांगत, ते भिंतीपलीकडच्या सासूनं ऐकावं अशीही सोय त्यात असणारच.

मांजराबद्दल एक गंमत नंतर वाचनात आली. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी सहसा "म्यांव" करत नाहीत. पिल्लं आईला हाक मारायला करतात आणि मग सोडून देतात. आपापसात त्यांचं भागतं वासावर, शेपटीवर, कानांवर. म्यांव त्यांनी राखून ठेवलंय ते माणसांसाठी. म्हणजे समोरच्याला आपली साधी भाषा कळत नाही, हे त्यांनी ओळखलंय आणि लहानपणीचा आवाज पुन्हा काढलाय. आप्पांचं "आलास व्हय बाळा" ऐकताना मला हे हटकून आठवतं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सगळे संगम माहुलीला गेलो होतो. साताऱ्यापासून जवळच, कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं. माहुली म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे आठवतात, ते इथलेच. इथं थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, ताराराणींची आहे. आणि थोडं पुढं चौथऱ्यावर दगडी कुत्रा बसलेला आहे. ती शाहू महाराजांच्या कुत्र्याची, खंड्याची समाधी म्हणून ओळखली जाते. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला, अशी हकीकत. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं लिहून ठेवलंय, की या कुत्र्याला महाराजांनी सनद देऊन जहागीर दिली, पालखीचा मान दिला. आणि एकदा दोन मराठा सरदार भरदरबारात भेटीला यायचे होते, तेव्हा महाराजांनी कुत्र्याला जरीचा पोशाख आणि जडजवाहीर घातलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली.

डफनं हे राजाच्या उतारवयातल्या भ्रमाच्या खात्यात टाकलंय. धाकटी राणी सगुणाबाई गेल्या, त्या दुःखानं महाराजांचं चित्त ठिकाणावर राहिलं नव्हतं, असं तो म्हणतो. असेलही. पण त्या दगडी कुत्र्यासमोर उभी असताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. शाहू नावाचा हा मुलगा १६८२ सालचा. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा, आईबरोबर मोगलांच्या छावणीत कैद. सुटला १७०७ मध्ये, औरंगजेब मेल्यावर. आई येसूबाई मात्र मागंच ओलीस राहिली, ती परत आली १७१९ मध्ये. सात ते पंचवीस, म्हणजे ज्या वयात माणूस कुणाशी काय आणि किती बोलायचं ते शिकतो, ते सगळं वय शत्रूच्या छावणीत गेलं, जिथं प्रत्येक शब्द कुणीतरी ऐकत होतं. त्या मुलानं पुढं चाळीसेक वर्षं राज्य केलं, आणि अखेरीस आपली पगडी काढून कुत्र्याच्या डोक्यावर ठेवली. मला त्यात वेडापेक्षा निरोप जास्त दिसतो. कुणासाठी होता, ते समोर उभ्या असलेल्या सरदारांना कळलं की नाही, माहीत नाही.

थोरला म्हणाला, "घेवड्याला पण पालखी करू या." धाकटी म्हणाली, "त्याला पगडी नाही बसणार, कान आहेत." सासूबाई बराच वेळ त्या कुत्र्याकडं बघत होत्या. मला वाटलं, काहीतरी गहिरं बोलतील. त्या म्हणाल्या, "पालखी दिली, जहागीर दिली, समदं खरं. पर जेवाय काय घालत हुते त्याला?"

येताना मोती चौकात पेढे घेतले. कंदी पेढ्याचा चुरा हा घेवड्याचा वीक पॉइंट आहे, आणि आप्पा आम्ही बघत नसताना तो त्याला भरवतात. घरातला शास्त्रज्ञ म्हणजे थोरला. त्यानं आप्पांना सांगितलं, मांजराला गोड चव कळतच नाही. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलंय, गोडी ओळखायला लागणारं एक जनुक त्यांच्यात बिघडलेलं असतं, वाघ आणि चित्त्यातसुद्धा. आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग खातंय कशाला?" "खव्यातल्या चरबीसाठी. म्हशीचं दूध, त्यात तुपावर भाजलेला खवा." आप्पा विचारात पडले. मग घेवड्याला म्हणाले, "ह्ये प्वार लई हुशार निघालं रं. कुणावर गेलंय कुणास ठावं." नवरा खिडकीपाशी बसून काम करत होता. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. आप्पांनीही पाहिले असावेत, कारण त्यांनी पेढ्याचा पुडा उचलला आणि खिडकीतून आत ठेवला. देवापुढं न ठेवता.

या सगळ्यात एक भानगड अलीकडं उघडकीला आली. घेवड्या दुपारची सुकट खाईना. सासूबाई चिंतेत. आजारी आहे का, जंत झालेत का. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तब्येत उत्तम आहे, उलट वजन वाढलंय. मग धाकटीनं पाळत ठेवली आणि शोध लागला. दुपारी घेवड्या कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडच्या काकूंकडं जातो. तिथं त्याचं नाव सोन्या आहे. तिथं त्याला उकडलेलं अंडं मिळतं, त्याची वेगळी ताटली आहे, वेगळी उशी आहे.

काकू एकट्या राहतात. मुलगा बंगळूरला. आमचं त्यांच्याशी "काय, कशा आहात" यापलीकडं कधी गेलं नव्हतं, मनात काही नसताना. आता दुपारी भिंतीपलीकडून आवाज येतो, "सोन्या, आज रविवार असून फोन आला न्हाई बघ त्याचा." सासूबाई अंगणात चुलीपाशी असतात, त्यांचे कान तिकडं. संध्याकाळी त्यांनी थोरल्याला वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणि दोन भाकऱ्या देऊन भिंतीपलीकडं पिटाळलं. "घेवड्याच्या अंड्याचं म्हणावं."

परवा सकाळी आप्पा पडवीत पेपर वाचत होते. भिंतीवर मधोमध घेवड्या पाय मुडपून बसलेला. पलीकडून काकूंचा आवाज आला, "सोन्या, तुझ्या त्या घरात सांग बाबा, मोटार चालू ऱ्हायलीया, टाकी भरून वाहतीया." आप्पांनी पेपर खाली केला आणि भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "घेवड्या, काकूंस्नी सांग, बंद करतो. आन् च्याला या म्हणावं."

घेवड्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. धाकटी शाळेच्या गणवेशात, एका पायात मोजा घालून, भिंतीशी ठेवलेल्या बादलीवर चढली आणि म्हणाली, "काकू, आप्पा तुम्हालाच बोलावतायत."

काकू आल्या. येताना उकडलेलं अंडं स्टीलच्या डबीत घेऊन आल्या. सासूबाईंनी तोंड पुरतं दुसरीकडं फिरवून, पदर नाकाला लावून, डाव्या हातानं डबी घेतली आणि पेरूच्या फांदीला टांगली. मग उजव्या हातानं चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.